सोसायटीचा नाताळ २०२५: समितीच्या वहीतून

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीचा हिशेब मंजूर झाला, शिल्लक ३१,४०० रुपये निघाली आणि लगेच दोन प्रस्ताव आले. एक, वरच्या टाकीला नवं झाकण. दोन, नाताळची जंगी पार्टी. झाकण पुढच्या बैठकीवर गेलं. पार्टी माझ्या गळ्यात आली, कारण ‘तुमचं अक्षर बरं आहे, तुम्ही नोंदी ठेवाल’. तर ही वही त्या कामाची.

२०२ च्या दादांनी एका इव्हेंटवाल्याचं कोटेशन खिशातूनच आणलं होतं. ६५,००० रुपयांत डीजे, फेसाचा बर्फ, थर्माकोलचा इग्लू, दोन तासांचा सांताक्लॉज आणि शंभर लाल टोप्या. इग्लू कशाला, असं मी विचारलं. ‘फोटो छान येतात.’ आकडा ऐकून चेअरमनकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कोटेशन बाद झालं ते तेव्हाच.

माझं म्हणणं इथे लिहून ठेवते, पुढे वाद झाले तर वाचून दाखवता येईल. शेजारच्या सोसायटीत मागच्या वर्षी असाच तयार कार्यक्रम झाला. तिथल्या मुलांना विचारा, ‘सांता आला, चॉकलेट दिलं’ यापुढे त्यांना काही आठवत नाही. उलट गणपतीत ज्यांनी मांडवाचे बांबू धरले, ज्यांच्या हाताला सुतळीचे वळ उठले, ते दहा वर्षांपूर्वीच्या मांडवाच्याही गोष्टी सांगतात. पार्टी लक्षात राहायची असेल तर माणसांना खुर्च्यांवर बसवून भागणार नाही, प्रत्येकाच्या हाताला काम हवं. दुसरं म्हणजे इमारतीत तीन ख्रिस्ती घरं आहेत. सण त्यांचा, आणि बैठकीत त्यांना कोणी काही विचारलं नाही. तिथूनच सुरुवात करणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिन्ही घरी चहा झाला. ३०४ च्या आजी मूळच्या इथल्याच, नाशिकच्या शरणपूरच्या, सेंट अँड्र्यूज चर्चच्या मंडळीतल्या. १०४ च्या आंटी गोव्याच्या, रोमन कॅथलिक. ४०१ च्या ताई केरळच्या, नर्स आहेत.

बैठकीत सगळ्यांना पार्टी २४ च्या रात्री हवी होती. आजी हसल्या. “अगं, २४-२५ ला आम्ही घरी असतो का? तुम्ही इथे केक कापाल आणि आम्ही बसू चर्चमध्ये.” आंटी २४ ला रात्रीच्या मिस्साला जाणार. ताईंची २५ ला सकाळची ड्युटी आहे. म्हणजे ज्यांचा सण, नेमके तेच नसते.

तारीख ठरली: रविवार, २१ डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. आणखी एक सोय झाली. इमारतीतली निम्मी घरं मार्गशीर्षात अंड्यालाही शिवत नाहीत, आणि यंदाची मार्गशीर्ष अमावास्या १९ ला आहे.

आंटींनी एक गोष्ट सांगितली, ती कामाची आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत न्यायची. घरी आल्यावर वाचलं. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विचर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं सारखी विचारायची, नाताळला किती दिवस उरले? त्यांनी गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, मोजा म्हणाले. यंदाचे चार रविवार ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर. आमची पार्टी नेमकी चौथ्या मेणबत्तीला येते. दर रविवारी लॉबीत एक मेणबत्ती आणि एक काम. वेळापत्रक आयतंच मिळालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खर्चाची मर्यादा १८,००० रुपये. बाकी रक्कम टाकीच्या झाकणासाठी राखीव, असं मीच सुचवलं. त्यामुळे झाकणवाला गट आता आपल्या बाजूने आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलांची बैठक, कंपाउंडच्या कोपऱ्यात. दिवाळीचा किल्ला अजून तिथेच उभा आहे. एक बुरूज मांजराने बसवला, बाकी ठणठणीत. गव्हाणीचा देखावा, म्हणजे गोठा, विकतचा आणायचा की करायचा यावर चर्चा चालू असताना दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “डोंगर तर आहेच की.” झालं. किल्ल्याची मागची उतरण म्हणजे बेथलेहेमच्या टेकड्या.

खरा वाद किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांचा. मावळ्यांना मेंढपाळ करायचं का? अर्धी मुलं हो म्हणाली, अर्धी भडकली. शेवटी आजींना खाली बोलावलं. त्यांनी निवाडा दिला: मावळे बुरुजावर पहाऱ्याला राहू देत, रात्री पहारा लागतोच. गवळण, शेतकरी आणि दोन गाई गोठ्याकडे यायला निघाल्यात असं दाखवायचं. वाघ काढून ठेवायचा. वाघाबद्दल मुलांची नाराजी आहे, पण ती निवळेल.

मुलांना सांगायला म्हणून शोधून ठेवलं: असा देखावा मांडायची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसशी जोडली जाते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी गवत भरलेली गव्हाण आणि खरे बैल-गाढव आणून तो प्रसंग उभा केला होता. ‘मग आपण खरी गाय आणू’ हा प्रस्ताव मी तिथल्या तिथे फेटाळला.

३० नोव्हेंबर, रविवार. पहिली मेणबत्ती

चाक मिळालं नाही. १०१ च्या काकांनी जुन्या कुकरची रिंग दिली, तिला अशोकाची पानं बांधली. चालतंय.

आजचं काम चांदणी. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, दोन-दोन फुटी. कृती लिहून ठेवते, दरवर्षी लागेल. पाच कामट्यांची एक चपटी चांदणी बांधायची, तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून पाची टोकं सुतळीने पक्की करायची. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी वीतभर लांबीच्या काड्या दोन चांदण्यांच्या मध्ये उभ्या बसवायच्या. मधलं पोट फुगतं आणि चांदणीला अंग येतं. म्हणजे दहा लांब कामट्या, पाच आखूड. दिवा एलईडीचाच हवा, साधा बल्ब कागद तापवतो.

कागद पतंगाचा. भद्रकालीत संक्रांतीचा माल दिसू लागलाय. दुकानदाराने येवल्याच्या पतंगांचं इतकं गुणगान ऐकवलं की मी लाल-पांढऱ्या तावांबरोबर एक मांजाची रीळही घेऊन आले. ती या हिशेबात धरलेली नाही.

ज्यांचे आकाशकंदील माळ्यावर गेले होते त्यांनी ते परत काढले, नुसता कागद बदलला. तीन चांदण्या नव्या, सात अशा.

३ डिसेंबर, बुधवार

झाडाचा विषय. तपोवनातल्या वृक्षतोडीवरून शहर तापलेलं आहे, अशा दिवसांत फांदी तोडून आणणं मनालाही पटत नव्हतं आणि कुणाच्या तोंडावाटे निघालंही नाही. ४०३ मध्ये कुंडीतलं अरोकेरिया आहे. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते हेच, चार फुटांचं. ते रविवारी लिफ्टने खाली येईल आणि सोमवारी घरी जाईल. मालकीणबाईंची अट एकच: त्याला काही जड लटकवायचं नाही.

गंगापूर रोडच्या नर्सरीतून पॉइनसेटियाच्या सहा कुंड्या ठरवल्या. माळीदादा म्हणाले, रात्री दिव्याखाली ठेवू नका. त्याचं लाल म्हणजे फूल नव्हे, पानं. आणि रात्र मोठी आणि सलग अंधारी मिळाली तरच ती रंगतात. पार्किंगमध्ये रात्रभर ट्यूब असते, म्हणून २१ पर्यंत कुंड्या रोज रात्री जिन्याखालच्या काळोखात.

७ डिसेंबर, रविवार. दुसरी मेणबत्ती

आजचा दिवस केकचा.

माणसं साधारण ११०. माणशी ८० ग्रॅम धरलं तर नऊ किलो. दीड-दीड किलोचे सहा डबे. बिनअंड्याचा आणि बिनदारूचा. यावर २०२ च्या दादांनी ‘वाइनच्या गावात राहून’ वगैरे भाषण केलं. पण लहान मुलं आहेत, जैन कुटुंब आहे, आणि आजींनाही नको आहे. विषय संपला.

ताईंच्या आईची रीत: सुका मेवा रममध्ये महिनोन्महिने मुरतो, खराब होत नाही, कारण दारूच त्याला राखते. रसात मुरवायचा तर ती चैन नाही. म्हणून संत्र्याचा आणि काळ्या द्राक्षांचा रस उकळून, त्यात काळे मनुके, बेदाणे, खजूर, सुकं अंजीर, संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे, वर दालचिनी आणि जायफळ. गार झाल्यावर बरण्या थेट फ्रिजमध्ये. एकूण तीन किलो मेवा. आज चिरायला दोन्ही विंगमधून माणसं आली, पुरुषही. चिरताना किती खाल्ला त्याची नोंद ठेवता येत नाही. पण वजन केलं तर पाऊण किलोची तूट. ती रात्रीच मेन रोडवरून भरून आणली.

१० डिसेंबर, बुधवार

गल्लीतल्या बेकरीशी बोलणं झालं. दिवाळीत नानकटाईच्या पिठाचे ट्रे आपण भट्टीवर नेतो तसेच केकचे डबे न्यायचे. भट्टीवाले चाचा म्हणाले, “पावाच्या घाण्याच्या वेळी आणू नका, वरून करपेल, आत कच्चा. पाव निघाला की भट्टी उतरते, तेव्हा या.” म्हणजे दुपारी. घरच्या ओव्हनच्या भाषेत १५० ते १६० अंश, दीड तासाच्या आसपास. डबा भाजायचे वीस रुपये. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, नाहीतर दुसऱ्याचा केक घरी येतो.

१३ डिसेंबर, शनिवार

भेटवस्तूंची चिठ्ठी. नाव नोंदवलेले ४६ जण. दोन नियम केलेत: विकत आणायचं नाही, आणि कोणी दिलं ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. लोणच्याची बरणी, विणलेली टोपी, वाचलेलं पुस्तक, तुळशीचं रोप, काहीही चालेल.

चिठ्ठ्या डब्यात टाकून उचलायच्या, असं ठरत होतं. ३०१ चे सर गणित शिकवत. ते म्हणाले, अशाने कोणाला तरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता ६३ टक्के. माणसं दहा असोत की हजार, आकडा जवळपास तोच राहतो. कोणाचा विश्वास बसेना. मग प्रयोग केला. पहिल्याच खेपेला दोघांना आपापली नावं आली, आणि सरांनी जो काही चेहरा केला तो पाहण्यासारखा होता.

त्यांची रीत: सगळी नावं पिसून एकाखाली एक लिहायची, प्रत्येकाने आपल्या खालच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही, कोणी सुटतही नाही. यादी फक्त सरांकडे. त्यांच्या घरी आज सहा जण ‘सहज’ चहाला जाऊन आले.

१४ डिसेंबर, रविवार. तिसरी मेणबत्ती

जेवणाचा गुंता आज सुटला. पिझ्झा, पावभाजी, छोले-भटुरे, सगळ्यावर मतं घेऊन झाली होती. १०३ च्या वहिनी चाळीसगावच्या. त्या म्हणाल्या, थंडीत आमच्याकडे माणसं जमली की भरीत पार्टी होते, दुसरं काही नाही. डिसेंबरात हिरवी वांगी जोरात असतात. शिवाय भरीत म्हणजे स्वयंपाक कमी आणि कामं जास्त: वांगी भाजणारे वेगळे, सोलणारे वेगळे, ठेचणारे वेगळे. मला हवं होतं तेच.

हिशेब: चार-पाच माणसांना किलोभर वांगी, म्हणजे २५ किलो. ती आदल्या दिवशी पंचवटीच्या मार्केट यार्डातून. भाजायला वहिनींचा भाऊ वाळलेल्या तुराट्या पाठवतो आहे. गॅसवरच्या वांग्याला ती चव येत नाही, असं त्यांनी बजावलं. ठेचायला लाकडी बडगीही त्यांचीच. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, वर तेलाची फोडणी. बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. जैन कुटुंबासाठी वेगळ्या भांड्यात, सगळ्यांच्या आधी, मुगाची खिचडी.

नाताळच्या पार्टीत भरीत, यावर दोघा-तिघांनी नाकं मुरडली. आजींना विचारलं. त्यांच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळी, चकल्या, लाडू, सगळं फराळाचं होतं. आंटींकडे नेवऱ्या आणि दोदोल. “बेथलेहेमात कुठे पिझ्झा होता?” एवढं बोलून आजी वर गेल्या.

शेकोटी गच्चीवर नको. वॉटरप्रूफिंगचं काम नुकतंच झालंय, आणि तिथे वाराही फार. मागच्या मोकळ्या जागेत विटांवर वाळू टाकून.

१७ डिसेंबर, बुधवार

आवाजाचा नियम फलकावर लावला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. साधं बोलणंच साठच्या आसपास जातं. १०१ च्या काकांचं किती जात असेल, कोण जाणे. डीजेचा शेवटचा समर्थक यानंतर गप्प झाला.

संगीताची सोय आजींनी केली. त्यांच्या मंडळीतली तरुण मुलं या दिवसांत घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरतात, पेटी आणि ढोलकी घेऊन. २१ ला सात वाजता अर्धा तास आपल्याकडे. मानधन नको म्हणाले, जेवायला थांबतो म्हणाले. अकरा पानं वाढवली.

२० डिसेंबर, शनिवार

केक भाजून आले. सहापैकी पाच उत्तम, एक मधे बसलाय. साखर जाळून केलेल्या पाकाचा रंग सुरेख उतरला. पाक करताना गरम पाणी लांबून घालायचं, गार घातलं तर फार उडतं, ही सूचना पुढच्या वर्षीसाठी. बसलेला केक मुलांनी तपासणीच्या नावाखाली संपवला.

वांगी आली. तुराट्यांचा टेम्पो मात्र चांदवडला पंक्चर होऊन रात्री साडेअकराला पोचला. वॉचमनकाका आणि २०२ चे दादा, दोघांनीच उतरवून घेतला. दादांचा पार्टीवरचा राग गेला असावा.

२१ डिसेंबर, रविवार. चौथी मेणबत्ती

हे रात्री उशिरा लिहिते आहे, धुराच्या वासासकट.

साडेपाचला वॉचमनकाकांनी जाळ केला. ते सुरगाण्याकडचे, लाकडाची आणि वाऱ्याची त्यांना समज. कोणत्या बाजूने पेटवलं तर धूर इमारतीत शिरणार नाही हे त्यांनी बोट ओलं करून ठरवलं, आणि खरंच शिरला नाही. वांगी टाकायला मुलांची रांग. सोलायला बसलेल्यांत चेअरमनकाका होते, बोटं भाजत होती पण उठेनात. बडगीत ठेचायला ज्यांचा हात लागला ते नंतर जो भेटेल त्याला ‘ठेचलं मी’ असं सांगत होते.

पहाऱ्यावरच्या मावळ्यांकडे पाहून गाणी म्हणणाऱ्या मुलांपैकी एकाने मुजरा केला. किल्ल्याची मुलं त्याच्यावर खूश. पण गव्हाण रिकामी आहे हे सगळ्यात आधी एका चार वर्षांच्या मुलाने ओळखलं. आंटींनी त्याला जवळ घेऊन सांगितलं की बाळ २४ च्या रात्री येतं, तोवर गव्हाणीत कोणी झोपत नाही. तो म्हणाला, “मग गाईला कळलं कसं?” यावर आंटींकडेही उत्तर नव्हतं.

गाणी ठरलेली अर्धा तास, झाली पाऊण तास. तिसऱ्या गाण्याला भजनाची चाल लागली तशी २०४ च्या वारकरी आजोबांनी घरून टाळ मागवले.

मग शेकोटीभोवती आजींची गोष्ट. त्यांना मी दहा मिनिटं दिली होती. गोष्ट शरणपूरची, आपल्या रस्त्याची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली, आणि सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काही शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात आली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ च्या सुमारास आफ्रिका धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा हा नाशिकला शिकलेला मुलगा त्यांच्या तांड्यात होता. सोबत्यांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. मग देह वाळवून, गुंडाळून, दीड हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यापर्यंत खांद्यावर नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता.

“आपल्या शरणपूरला?” आठवीतल्या मुलाने दोनदा विचारलं. तो रोज सायकलने तिथूनच शाळेत जातो. आजी म्हणाल्या, “अरे, आपल्याच.” दहाची पंचवीस मिनिटं झाली, आणि मी घड्याळ दाखवलं नाही.

भेटी उघडल्या. चेअरमनकाकांना कोणीतरी टाकीच्या झाकणाचं चित्र काढून दिलं, चौकटीसह. सर यादी कोणालाच दाखवायला तयार नाहीत.

सांताक्लॉज? आला. ४०१ च्या ताई नाइट ड्युटीला निघाल्या होत्या. मुलांनी त्यांच्या पांढऱ्या ॲप्रनवर आजोबांची लाल शाल टाकली, कापसाची दाढी चिकटवली, आणि त्यांनी स्कूटर काढण्याआधी सगळ्यांना शंकरपाळी वाटली. माझ्या नियोजनात हे नव्हतं.

नऊ पस्तीसला शेकोटीवर पाणी.

२२ डिसेंबर, सोमवार

खर्च १७,२६० रुपये. मोठ्या रकमा केक ४,३५०, भाजी-किराणा ५,९००, पॉइनसेटिया १,२००, चांदण्यांचा कागद, कामट्या आणि दिवे १,८५०. बाकी पावत्या फाइलला. शिल्लक १४,१४०, झाकणाचं कोटेशन १२,५००, त्यामुळे तो प्रस्ताव पुढच्या बैठकीत मंजूर व्हायला हरकत नाही.

राहिलेली कामं: अरोकेरिया ४०३ ला पोचलं, पण एक फांदी वाकली आहे, मालकीणबाईंना मीच सांगायचं आहे. बडगी घासून १०३ ला. शेकोटीच्या वाळूचं काय करायचं, मुलांना विचारणे. त्यांचा किल्ला मोठा करायचा बेत दिसतो. चांदण्या ६ जानेवारीपर्यंत राहू द्यायच्या, तिन्ही राजे गव्हाणीपाशी पोचतात तो दिवस, असं आंटी म्हणाल्या. २०२ च्या दादांनी आत्ताच विचारलं, २६ जानेवारीला भरीत करायचं का. वांगी तोवर टिकतात, वहिनींशी बोलून सांगते म्हटलं.